लळिंगच्या कुरणाची बाग होऊ देऊ नका

प्रति,
मा. उपवनसंरक्षक,
धुळे वनविभाग, धुळे.



मी सोनगीरची. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, आता निवृत्त आहे. पत्र तुमच्या नावाने असलं तरी उघड लिहिते आहे, कारण धुळ्याच्या महापालिकेने, आमच्या ग्रामपंचायतीने आणि रविवारी डबे बांधून लळिंगला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबानेही ते वाचावं असं मला वाटतं. मागणं आधीच सांगून टाकते. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याखालचं कुरण लोकांना शांतपणे हिंडता येईल असं नीट खुलं करा, आणि तसं करताना त्याची बाग होऊ देऊ नका.

हे मागणं मनात पक्कं झालं ते जळगावात. माझी मुलगी तिथे दिलेली आहे. मे महिन्यात तिच्याकडे गेले की दिवस घरातच काढावा लागतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला टेकलेला, कूलरची घरघर, खिडक्यांना ओले पडदे. सकाळी उजाडायच्या आत ती मला मोहाडी रस्त्यावरच्या लांडोरखोरी वनोद्यानात घेऊन जाते. ते तुमच्याच खात्याचं आहे. शहर सुरू व्हायच्या आधीचा तो तास-दीड तास मी वर्षभर आठवत असते. झाडांखालची पायवाट, कुठेतरी आत ओरडणारे मोर, एखादा कोतवाल दुसऱ्या पाखराचा आवाज काढून फसवतोय, आणि चालणारी माणसं. नऊवारीवर बूट घातलेल्या आजीबाई, गुडघे धरून चालणारे निवृत्त कारकून, कानात काहीही न घालता चालणारी कॉलेजची मुलं. आत शिरल्यावर माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तसं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. एकदा थकून मी उभी राहिले, तेव्हा गवतात बसलेल्या एका बाईने बाजूला सरकून जागा केली. "बाई, आठे बस, आठे सावली शे." तिची-माझी ओळख नव्हती. आम्ही बराच वेळ बसून होतो, फार काही बोललोही नाही.

तेव्हापासून एक विचार सुटत नाही. जळगावकरांना हे घराजवळ मिळतं, मग धुळेकरांना आणि आम्हा सोनगीर, नगाव, फागणे, मुकटी इथल्या लोकांना का मिळू नये? जागा तर धुळ्याजवळही आहे, आणि ती जळगावच्या जागेपेक्षा मोठी आणि जुनी आहे.

गोंगाट म्हणजे काय ते सोनगीरकराला वेगळं सांगायला नको. आमचं गाव मुंबई-आग्रा महामार्गावर बसलेलं. रात्री दोनलाही ट्रकचे हॉर्न उशाशी वाजतात. तांब्या-पितळेच्या भांड्यांवरचे ठोके ऐकत आम्ही वाढलो. सोनगीरच्या भांड्यांचं नाव इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही आहे. पण ते ठोके कानाला कधी टोचले नाहीत. त्यांना ताल होता, दुपारची विश्रांती होती, संध्याकाळी ते थांबायचे. महामार्ग थांबत नाही. धुळ्याचंही तेच. १८१८नंतर कॅप्टन ब्रिग्जने खानदेशचं मुख्य ठाणं धुळ्याला आणलं आणि सरळ रेषेत पेठ आखली. आजही लोक पत्ता सांगतात तो गल्ली नंबर अमुक असाच. त्या आखणीत हवा खेळती होती, घरांना मागे-पुढे अंगण होतं. आता अंगणाच्या जागी तीन मजले आलेत, भिंतीला भिंत लागली आहे, आणि पांझरा नदीच्या काठी संध्याकाळी बसायचं म्हटलं तर नाकाला पदर लावावा लागतो. अशा गावातल्या म्हाताऱ्या माणसाने, बाळंतीण झालेल्या पोरीने, परीक्षेला बसलेल्या मुलाने मन मोकळं करायला जायचं कुठे? ज्याचा मळा आहे तो मळ्यात जाईल. शहरात भाड्याने राहणाऱ्याला मळा नसतो.

झाडांच्या सहवासात माणसाला बरं वाटतं, याला वैद्यकाचाही आधार आहे. १९८४ साली रॉजर उल्रिक या अमेरिकी संशोधकाने पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी ताडून पाहिल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदनाशामक औषधंही कमी लागली. त्याआधी दोन वर्षं, १९८२ साली, जपानच्या वनखात्याने लोकांना जंगलात नुसतं सावकाश हिंडायला या, असं बोलवायला सुरुवात केली होती. लाकूड आणि महसूल सांभाळणाऱ्या खात्याला आपल्या जंगलाचा हा उपयोग सुचला, याचं मला फार अप्रूप वाटतं. तुमच्याकडूनही मी तीच अपेक्षा करते आहे.

आता लळिंगविषयी. साहेब, तुमची बदली होते, आम्ही इथेच असतो. म्हणून या जागेचं मोल आमच्या शब्दांत तुम्हाला सांगायला हवं. किल्ल्याखाली पसरलेल्या त्या कुरणात खानदेशचा केवढा इतिहास आहे! फारुकी घराण्याचा मलिक राजा १३९९ साली वारला, तेव्हा त्याच्या थोरल्या मुलाकडे, नसीरकडे, लळिंग होतं आणि धाकट्याकडे थाळनेर. बऱ्हाणपूर वसण्याआधी खानदेशच्या राज्याचे धागे या डोंगरावरून हलत होते. आणि ज्याच्यामुळे हे कुरण हजारो घरांत देवघराइतकं जवळचं झालं तो लांडोर बंगला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथे मुक्कामाला होते. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला माणसं दुरून येतात, निळे झेंडे घेऊन चढ चढतात. तेव्हा कुरण ऐन हिरवं असतं. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आई-वडिलांच्या बोटाला धरून तिथे जायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन मोराची पिसं दाखवायची. त्यांना बाबासाहेब आणि जंगल एकाच दिवशी भेटले. या यात्रेकरूंना पाणी, शौचालय आणि सुरक्षित वाट मिळावी हा त्यांचा हक्क आहे. वाट रुंद करण्याच्या निमित्ताने बंगल्याभोवतालची झाडं मात्र जाऊ नयेत. बाबासाहेबांनी त्या मुक्कामात जे रान पाहिलं, त्यातलं काही त्यांच्या लेकरांनाही दिसू द्या.

खरी काळजी पुढे आहे. शहराजवळचं जंगल लोकांसाठी उघडलं की एक ठरावीक साज त्याच्या अंगावर चढतो. आधी सिमेंटची कमान. मग पेव्हर ब्लॉक, हिरवळीचे पट्टे, सिमेंटचे हरीण आणि वाघ, रंगीत दिवे, फोटो काढायला प्लॅस्टिकचं हृदय, आणि खांबावर भोंगा. हे करणारे लोक वाईट नसतात. जनतेला काहीतरी दिसलं पाहिजे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. पण हे सगळं धुळे शहरात, रिकाम्या भूखंडावर करता येईल. लळिंगला जे आहे ते पुन्हा कुठल्याही निधीतून उभं करता येणार नाही.

कुरणाची मुख्य संपत्ती गवत आहे, आणि हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. झाडं विरळ दिसली की पाहणाऱ्याला वाटतं, जागा वाया चालली, इथे खड्डे घेऊन रोपं लावू. आपल्या राज्याने २०१६ ते २०१९ या काळात दोन कोटींपासून तेहेतीस कोटींपर्यंत वृक्षलागवडीचे आकडे ठरवले. त्यातून काही ठिकाणी खरोखर चांगलं झालं. पण आकडा पुरा करायचा म्हणून गवताळ रानात खड्डा घेतला, तर पवन्या, मारवेल, शेडा यांची मुळं उखडतात. त्या मुळांनीच तर मुरमाड उतारावरची माती धरून ठेवलेली असते. त्या गवतात तितर अंडी घालतो, चंडोल आकाशात चढून गात राहतो, लांडोर पिल्लं घेऊन लपते. दसऱ्यानंतर कुसळी पिकली की साडीच्या काठाला कुसळं भरून येतात, घरी येऊन एकेक काढत बसावं लागतं. ते गवत वाळून सोनेरी होतं तेव्हा डोक्यावर भारे घेऊन उतरणाऱ्या बायकांचं घर त्यावर चालतं. आपल्या जिल्ह्यातल्या ठेलारी बांधवांच्या मेंढ्यांचंही पोट अशाच माळांवर आहे. कुरण खुलं करताना फिरायला येणारा तेवढा पाहुणा आणि गवत कापणारी मात्र चोर, असं होऊ देऊ नका. तिचा वाटा, तिचे दिवस, तिची वाट आधी ठरवा. आमच्यासारखे बूट घालून येणारे नंतर.

आणि झाडांचं म्हणाल, तर खानदेशाचं झाड अंजन. लोखंडाला दाद न देणारं लाकूड, आपट्यासारखी जोडपानं. रोप अजून वीतभर असतं तेव्हाच त्याचं मूळ खडकाच्या भेगांतून खोल गेलेलं असतं. माघ-फाल्गुनात ते पान टाकतं आणि चैत्रात, पाण्याचा थेंब नसताना, तांबूस कोवळ्या पानांनी भरून येतं. त्याला टँकर लागत नाही, ठिबक लागत नाही. सोबत धावडा, सालई, खैर, बेल, पळस, हिवर, कडुनिंब. यांच्यातली बरीचशी झाडं रोपवाटिकेच्या पत्रकावर फार झळकत नाहीत, पण वैशाखात सावली कुठे मिळते ते चालणाऱ्याला विचारा. गुलमोहर आणि निलगिरी लावून ती मिळत नाही. एक गोष्ट मान्य करायला हवी की हे रान बारा महिने हिरवं नसतं. फाल्गुनानंतर तिथे गेलात तर सालई पांढरट सालीनिशी निष्पर्ण उभी असते, पायाखाली पाचोळा वाजतो, डोंगराची हाडं दिसतात. नवखा माणूस म्हणतो, उजाड आहे हो! ते उजाड नसतं. पानं गाळून झाडं आपलं पाणी राखत असतात. त्याच दिवसांत पळस पेटतो आणि त्याच्या फुलांवर साळुंक्या-कोतवालांची झुंबड उडते. मृग लागला की पावशा ओरडू लागतो, चातक येतो, ओढे वाहतात, आणि आषाढात त्याच काळ्या खडकांवरून धबधबा कोसळतो. गर्दी होते ती तेव्हाच. पण हे रान बारा महिन्यांचं आहे, सगळ्या ऋतूंत पाहिल्यावाचून ते कळत नाही. उन्हाळ्यात नळाचं पाणी दिवसाआड तरी येईल का म्हणून वाट पाहणाऱ्या धुळ्याने हिरवळीवर फवारे उडवायचे, हे मला पटत नाही आणि तुम्हालाही पटणार नाही.

मला काय हवं आहे ते मोकळेपणाने सांगते. पायवाटा मातीच्याच राहू द्या, फक्त घसरडी जागा दगडाने बांधा. दाराशी पिण्याचं पाणी, स्वच्छ शौचालय आणि बसायला दगडी कट्टे, त्यापुढे आत बांधकाम नको. प्लॅस्टिक दाराशीच ठेवून घ्या, जाताना परत द्या. भोंगा, डीजे, आत मोटारसायकल यांना सक्त मनाई. सूर्य मावळला की माणसांनी बाहेर यावं आणि आत दिवा लागू नये, कारण रात्र त्या रानातल्या जनावरांची आहे. कुरणाचा एक मोठा भाग कायमचा बंद ठेवा, तिथे आम्ही कुणीच जायचं नाही. आग अडवणाऱ्या जाळरेषा मात्र वेळेवर निघाल्या पाहिजेत. वाळलेल्या गवतात एका बिडीचं थोटूक पुरतं. म्हणून दाराशीच काडेपेटी काढून घेतली तर कुणी रागावणार नाही, रागावला तरी चालेल.

आणि बायकांची सोय. हे मी ठासून लिहिते आहे. आमच्याकडच्या बाईला रानात एकटीने हिंडायची सवय उरलेली नाही, सरपणाला जाणारी तेवढी जाते. ती घाबरते ती बिबट्याला नव्हे. पहाटे-संध्याकाळी गस्तीवर महिला वनरक्षक दिसली, दाराशी ओळखीची बाई बसलेली असली, की सासू-सून, मैत्रिणी, विद्यार्थिनी येतील. लांडोरखोरीत मी बायकांना निर्धास्त चालताना पाहिलं, तेव्हा मला ते मोरांपेक्षा सुंदर वाटलं. तिकीट ठेवायचंच असेल तर इतकं कमी ठेवा की रोज येणाऱ्या मोलकरणीला विचार करावा लागू नये. आणि एसटी. महामार्गावर, लळिंगच्या टोलनाक्याच्या परिसरात उतरून भरधाव गाड्यांतून रस्ता ओलांडणं म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर येतं. सकाळची एक फेरी कुरणाच्या दाराशी थांबावी, एवढी गोष्ट आगाराशी बोलून ठरवता येईल.

हे जमेल का, असं कुणी विचारलं तर उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या लहानशा आदिवासी गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने सुमारे ११०० एकर जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, दंड, गस्त, सगळं गावाने ठरवलं आणि पाळलं. आटलेल्या विहिरींना पाणी आलं. २०२५ साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे लोकांनी पेढे वाटले. तिथला वनभाजी महोत्सव पाहायला शहरातली माणसं जातात आणि रानात खायला किती आहे ते पाहून थक्क होतात. बारीपाड्याने तुमच्या खात्याशी भांडण केलं नाही, खात्याचा हात धरून काम केलं. शहराजवळच्या जंगलासाठीही वाट आहे. केंद्र सरकारने ५ जून २०२० रोजी नगर वन योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून पुण्याच्या वारज्याचं नाव घेतलं होतं. बोडकी टेकडी होती, वनखातं आणि नागरिक यांनी मिळून तिचं रान केलं. आपल्याला तर बोडक्या टेकडीपासून सुरुवातही करायची नाही, लळिंगला रान आहेच. फक्त राखायचं आहे, आणि राखणाऱ्यांत लोकांना सामील करून घ्यायचं आहे. लळिंग गावची माणसं, किल्ल्यावर जाणारे दुर्गप्रेमी, धुळ्याचे पक्षी पाहणारे, ३१ जुलैच्या यात्रेचं नियोजन करणारे कार्यकर्ते, गवत कापणाऱ्या बायका, या सगळ्यांना एका सतरंजीवर बसवा आणि नियम त्यांच्याकडून लिहून घ्या. वरून लावलेला फलक लोक वाचत नाहीत. स्वतः घातलेला नियम मात्र मोडवत नाही.

जाता जाता आमच्या गावाचंही सांगते. सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी गावाला लागूनच आहे. पडकी तटबंदी, खोल विहीर, वरून दिसणारा महामार्ग आणि पलीकडे शेतं. तिथे आज सावलीला झाड शोधावं लागतं. तटावर कुणी झाडं लावू नयेत, मुळांनी दगड फुटतात, हे मला ठाऊक आहे. पण पायथ्याचा उतार चार पावसाळे चराईपासून राखला, तर गवत आपोआप येईल, आणि गवतामागून बोर, हिवर, कडुनिंब येतील. पुरातत्त्व खातं, महसूल खातं आणि आमची पंचायत यांच्याशी तुम्ही बोललात तर आम्ही गावात बोलतो. आमच्या पोरांना रोज लळिंगपर्यंत जाता येणार नाही. शाळा सुटल्यावर धावत जाता येईल असं रान त्यांना गावातच हवं.

अंजनाच्या शेंगा वैशाखात पिकून वाऱ्याने उडायला लागतात, तेव्हा शाळांना सुट्टी असते. माझे जुने विद्यार्थी आता स्वतः शिक्षक झाले आहेत, त्यांच्याशी मी बोलले आहे. येत्या वैशाखात मुलांना घेऊन बी गोळा करायला आम्ही तयार आहोत. बी कोणत्या झाडांखालचं घ्यायचं, किती घ्यायचं आणि कोणत्या रोपवाटिकेत पोचवायचं, एवढं तुमच्या वनपालांकडून कळवा. चैत्र संपायच्या आत कळवलंत तर बरं, म्हणजे उन्ह चढायच्या आधीची वेळ ठरवून मुलांच्या घरी सांगता येईल.

आपली,
सोनगीरची एक निवृत्त शिक्षिका